आयपी३ आणि रायनोडीन रिसेप्टर: पर्किन्जे पेशीत नेमके कुठे दिसायला हवेत? (कोंबडीचा लहान मेंदू)

ताळगाव_पठार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोंबडीच्या लहान मेंदूचे काप रंगवलेत आणि आता निकाल कसा लिहायचा ते कळत नाहीये. बघायचंय ते एवढंच: पर्किन्जे पेशीत (लहान मेंदूतली मोठी चेतापेशी) ईआरमधून (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं कॅल्शियम साठवणारं पडद्याचं जाळं) कॅल्शियम सोडणारे हे दोन रिसेप्टर कुठे आहेत. केलं ते असं: चिकनच्या दुकानातून डोकं आणलं, कापल्यापासून साधारण ४० मिनिटांनी मेंदू बाहेर काढला, अख्खा लहान मेंदू ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवला. व्हायब्रेटोमवर ५० मायक्रॉनचे काप, ०.३ टक्के ट्रायटन, मग रायनोडीन रिसेप्टरसाठी ३४सी ही उंदराची अँटिबॉडी आणि आयपी३ रिसेप्टर प्रकार १ साठी सशाची पॉलिक्लोनल. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, ६३ पट भिंग, १.४ एनए (भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता).

दिसतं ते असं:
१) आयपी३च्या चॅनलमध्ये पेशीकायेत आणि जाड डेन्ड्राइटमध्ये (पेशीच्या फांद्यांत) १ ते ३ मायक्रॉनच्या झगझगीत कांड्या. एखाद्याने तांदळाची कणी टाकावी तशा.
२) दोन्ही चॅनल एकमेकांवर ठेवले की सगळीकडे पिवळं. मॉलिक्युलर लेयरमध्ये (डेन्ड्राइट पसरलेल्या बाहेरच्या थरात) तर नुसतं पिवळं धुकं.
३) रक्तवाहिन्या दोन्ही चॅनलमध्ये पेटलेल्या.

पुस्तकातल्या आकृतीत एकच ईआर आणि त्यावर दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी असतात. एका लेखात म्हटलंय की स्पाइनमध्ये (डेन्ड्राइटवरच्या बारीक कोंबांत) फक्त आयपी३ रिसेप्टर असतो, दुसऱ्यात नेमकं उलटं. मग खरं काय समजायचं? आणि या कांड्या म्हणजे रिसेप्टरचे खरे पुंजके का?

---

जाळीदार

आधी जागेचं बघू, कांड्यांबद्दल दुसरं कोणी सांगेलच.

दोन्ही रिसेप्टर ईआरच्या पडद्यात बसलेले असतात, पेशीच्या बाहेरच्या पडद्यात शोधू नका. दोन्ही चार-चार उपघटकांचे. आयपी३ रिसेप्टरचा एक उपघटक साधारण २,७०० अमिनो आम्लांचा, रायनोडीनचा ५,०००च्या आसपास. भलंमोठं डोकं पेशीद्रवात आणि भोक ईआरच्या पडद्यातून आरपार. आत कॅल्शियम शेकडो मायक्रोमोलर, बाहेर पेशीद्रवात ५० ते १०० नॅनोमोलर. एवढा उतार असल्यावर भोक क्षणभर उघडलं तरी पुरतं.

चेतापेशीतला ईआर हे एकच सलग भांडं आहे. केंद्रकाच्या आवरणापासून सुरू होऊन डेन्ड्राइटच्या टोकापर्यंत आणि ॲक्सॉनमध्येही (संदेश बाहेर नेणाऱ्या धाग्यात) तेच पोचतं. म्हणून 'कोणत्या अंगकात' हा प्रश्न इथे फार उपयोगाचा नाही. विचारायचं ते 'त्या सलग जाळ्याच्या कोणत्या पट्ट्यात'. याचं उत्तर पेशीगणिक बदलतं आणि तुमचे दोन लेख भांडतायत ते त्याच्यामुळेच. एक पर्किन्जे पेशीबद्दल बोलतोय, दुसरा हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या सीए१ पट्ट्याच्या पेशींबद्दल.

पर्किन्जे: आयपी३ रिसेप्टर प्रकार १ इथे जितका दाट आहे तितका मेंदूत दुसरीकडे कुठे नाही. मुळात तो सापडलाच इथे. पर्किन्जे पेशी नसलेल्या उंदरांच्या लहान मेंदूत एक मोठं प्रथिन कमी दिसायचं, त्याला पी४०० म्हणत. १९८९ मध्ये मिकोशिबांच्या गटाने त्याचा क्रम काढला तेव्हा हाच आयपी३ रिसेप्टर निघाला. तो पेशीकायेत आहे, डेन्ड्राइटच्या दांड्यात आहे, स्पाइनमध्ये आहे, शिवाय ॲक्सॉनमध्ये आणि लहान मेंदूच्या खोल केंद्रकांतल्या (आतल्या चेतापेशी-समूहांतल्या) त्याच्या टोकांतही आहे. रायनोडीन रिसेप्टर (पर्किन्जेत मुख्यतः प्रकार १, स्नायूंत असतो तोच) पेशीकाया आणि डेन्ड्राइटच्या दांड्यापर्यंत येतो, पण स्पाइनमध्ये शिरत नाही. हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं ते पक्ष्यांच्याच लहान मेंदूत, १९९०-९१ च्या सुमारास, म्हणजे तुमचा नमुना अगदी योग्य आहे.

सीए१: इथे उलटं. उंदरात आयपी३ रिसेप्टर पेशीकाया आणि डेन्ड्राइटच्या दांड्यात, रायनोडीन स्पाइनमध्ये आणि ॲक्सॉनमध्ये. पण इथे एक मेख आहे. पर्किन्जेच्या जवळजवळ प्रत्येक स्पाइनमध्ये ईआरची नळी असते. मायोसिन-५ए ती ओढून आत नेतो, आणि हे मोटर प्रथिन बिघडलेल्या 'डायल्यूट-लीथल' उंदरांत स्पाइन ईआरविना राहतात. सीए१ मध्ये मात्र कोणत्याही एका वेळी थोड्याच स्पाइनमध्ये ईआर असतो, तोही मोठ्या डोक्याच्या. म्हणून 'सीए१ च्या स्पाइनमध्ये रायनोडीन रिसेप्टर' हे वाक्य 'ज्या स्पाइनमध्ये ईआर आहे त्यांत' असं वाचायचं.

बाकी जागा थोडक्यात. अनेक चेतापेशींच्या पेशीकायेत बाहेरच्या पडद्याला अगदी चिकटून ईआरच्या चपट्या पिशव्या असतात, तिथे केव्ही२.१ पोटॅशियम वाहिन्यांच्या पुंजक्यांखाली रायनोडीन रिसेप्टर सापडतो. लहान मेंदूतल्या बास्केट पेशींच्या ॲक्सॉन-टोकांतही रायनोडीन आहे. आणि ईआर जिथे मायटोकॉन्ड्रियाला टेकतो तिथे आयपी३ रिसेप्टर जीआरपी७५ या प्रथिनामार्फत मायटोकॉन्ड्रियावरच्या व्हीडॅक वाहिनीशी बांधलेला असतो. यातलं काहीही तुमच्या कॉन्फोकलवर सुटं दिसणार नाही, त्यामुळे निकालात लिहू नका.

---

खाजनकार

जाळीदार यांनी कांड्या माझ्यासाठी ठेवल्या असं समजतो.

ताळगाव बाब, तुमच्या कांड्या रिसेप्टरच्याच आहेत, पण जिवंत पेशीत त्या तशा नव्हत्या. गुन्हेगार ती ४० मिनिटं.

पर्किन्जे पेशीचा ऑक्सिजन तुटला की तिच्या ईआरच्या चपट्या पिशव्या एकावर एक रचल्या जातात, पोळ्यांच्या चळतीसारख्या. लगतच्या दोन पिशव्यांवरच्या आयपी३ रिसेप्टरची पेशीद्रवातली डोकी एकमेकांना अडकतात आणि चळत धरून ठेवतात. १९९४ मध्ये हे दोन बाजूंनी दाखवलं गेलं: साध्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतल्या पेशींत) हा रिसेप्टर जास्तीचा बनवायला लावला तर तिथेही चळती झाल्या, आणि पर्किन्जे पेशीत त्या ऑक्सिजन तुटल्यावर मिनिटांत वाढल्या. ४० मिनिटं, तीही आपल्याकडच्या ३० अंशांत, म्हणजे चळती होणारच. कडेने बघितलेली चळत कॉन्फोकलवर कांडी दिसते.

याचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे. रिसेप्टर चळतीत गोळा झाला की बाकीच्या जाळ्यातली चमक तुलनेने फिकी पडते. तुम्ही कांड्या फोटोत अति उजळू नयेत म्हणून लेझर कमी करता आणि मग स्पाइन अंधारात जातात. मग निकालात 'स्पाइनमध्ये आयपी३ रिसेप्टर नाही' असं लिहून मोकळे व्हाल!

खात्री करायला एक सोपी चाचणी. पुढच्या वेळी पेशी लवकर स्थिर करा आणि एकाच कापात बाहेरची कड आणि आतला भाग वेगवेगळा मोजा. फॉर्मल्डिहाइड ऊतीत हळू शिरतो, पहिल्या तासात साधारण १ मिलिमीटर, पुढे आणखी हळू. कांड्या ऑक्सिजनअभावी होत असतील तर कडेला कमी आणि आत जास्त असा उतार दिसायला हवा. अख्खा लहान मेंदू टाकलात तर मधला भाग फिक्सेटिव्ह पोचेपर्यंत तासन्‌तास गुदमरतो, त्यामुळे मधल्या भागाचे फोटो वापरूच नका.

दुकानाचाच नमुना वापरायचा असेल तर फिक्सेटिव्ह दुकानात न्या. ताजं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, थर्मासमध्ये बर्फात (मासळी बाजारातला बर्फ चालतो, फक्त बाटली घट्ट बंद असू दे, खारं पाणी आत गेलं की बफर गेलं). डोकं हातात आल्या आल्या कवटी मागून, मानेच्या बाजूने कात्रीने उघडा, लहान मेंदू चमच्यासारख्या स्पॅच्युलाने उचला आणि नव्या ब्लेडने लगेच मधोमध, मग सॅजिटल (पुढून मागे, उभ्या) दिशेने २ मिलिमीटरच्या चकत्या. चकत्या २० पट आकारमानाच्या द्रवात. बरणीच्या तळाशी गॉझचा तुकडा ठेवा, नाहीतर चकती काचेला चिकटते आणि ती बाजू स्थिर होतच नाही. हातमोजे आणि हवेशीर जागा हे सांगायला नको. दुकानदाराच्या ओट्यावर फॉर्मल्डिहाइड उघडू नका, गाडीच्या डिकीपाशी करा.

यानेही २-३ मिनिटं जातातच. चळती अगदी कमी करायच्या तर हृदयातून परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतूनच फिक्सेटिव्ह सोडणं), त्याला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आणि प्राणिगृह लागतं. तिथेही एक चूक सर्रास होते: आधी रक्त धुवायला पाच-पाच मिनिटं सलाइन सोडतात. सलाइनमध्ये ऑक्सिजन किती असणार? ती धुलाई म्हणजेच गुदमरणं. सलाइन ३० सेकंद, फार तर यकृत फिकं पडायला लागेपर्यंत, आणि लगेच फिक्सेटिव्ह.

तुमच्या पेटलेल्या रक्तवाहिन्यांचंही उत्तर यातच आहे. परफ्यूजन नाही, म्हणून वाहिन्या रक्ताने भरलेल्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे डीएपीआय (केंद्रक चमकवणारा रंग) लावलंत तर वाहिनीत लांबट केंद्रकांची रांग दिसेल, आणि हिमोग्लोबिन फॉर्मल्डिहाइडनंतर सगळ्याच चॅनलमध्ये चमकतं. तो सिग्नल अँटिबॉडीचा नव्हे. एक काप अँटिबॉडीशिवाय बघा, वाहिन्या तशाच पेटलेल्या दिसतील.

---

ताळगाव_पठार

देव बरें करूं! उतार बघायची कल्पना डोक्यातच आली नव्हती. जुन्या ब्लॉकचे कडेचे काप पुन्हा बघितले, कांड्या सगळीकडे सारख्याच, म्हणजे फिक्सेटिव्हमध्ये जायच्या आधीच झाल्या होत्या.

दोन शंका राहिल्या. मॉलिक्युलर लेयरमधलं पिवळं धुकं कशाचं? आणि स्पाइनमध्ये आहे की नाही हे कॉन्फोकलवर ठरवता येईल का, की थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा? ग्लुटारल्डिहाइड घालू का?

---

दुय्यम_अँटिबॉडी

धुक्याचं आधी. त्यात किमान तीन गोष्टी मिसळल्यात.

पहिली, तुमच्या यंत्राची मर्यादा. १.४ एनएला बाजूने २०० नॅनोमीटरच्या वर थोडं, खोलीत ५०० ते ७०० नॅनोमीटर. स्पाइनचं डोकं अर्धा मायक्रॉन, मान त्याहून बारीक, आणि मॉलिक्युलर लेयरमध्ये स्पाइन इतके खचाखच भरलेले की एका व्हॉक्सेलमध्ये (चित्रातल्या सर्वात लहान घन तुकड्यात) स्पाइन, शेजारचा दांडा आणि पॅरलल फायबर (स्पाइनला संदेश देणारे धागे) सगळे येतात. तिथे पिवळं होणं हे गणितच आहे, त्याला सहस्थान (दोन्ही रिसेप्टर खरंच एकाच जागी) म्हणू नका.

दुसरी, ग्लिया (चेतापेशींच्या आधारपेशी). बर्गमन ग्लियाचे पापुद्रे प्रत्येक स्पाइनला गुंडाळलेले असतात आणि ॲस्ट्रोसाइटसारख्या पेशींत आयपी३ रिसेप्टर प्रकार २ मुख्य असतो. तुमची सशाची अँटिबॉडी कोणत्या पेप्टाइडवर बनवली ते डबीवर नाही, डेटाशीटवर बघा. तो तुकडा प्रकार १ चाच आहे की तिन्ही प्रकारांत सारखा आहे, आणि कोंबडीच्या क्रमाशी जुळतो का, हे युनिप्रोटवर (प्रथिनांचे क्रम देणारं संकेतस्थळ) क्रम एकाखाली एक लावून बघायला दहा मिनिटं लागतात. अर्ध्या अँटिबॉडी उंदरावर तपासलेल्या असतात आणि 'पक्ष्यात चालेल' हा आपला अंदाज असतो.

तिसरी, ३४सी. ही कोंबडीच्या छातीच्या स्नायूतल्या रिसेप्टरवर बनवलेली, म्हणून कोंबडीत उत्तम चालते. आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेत मिळते. पण ती एकाहून जास्त प्रकार पकडते. तेव्हा 'प्रकार १ दिसला' असं लिहू नका, 'रायनोडीन रिसेप्टर' एवढंच लिहा. कोंबडीचा फायदा असा की उंदराच्या अँटिबॉडीसाठीची दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या स्वतःच्या प्रतिद्रव्याला धरत नाही. उंदराच्या मेंदूवर उंदराची अँटिबॉडी वापरणाऱ्यांना हा ताप असतो, तुम्हाला नाही.

कंट्रोल कसला? आयपी३ प्रकार १ नसलेले उंदीर जन्मलेच तर झटके आणि तोल जाणं यांनी दूध सुटायच्या सुमारास मरतात, रायनोडीन रिसेप्टर प्रकार २ नसलेले गर्भातच जातात. कोंबडीत तर तो मार्गच नाही. मग वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीने ओळखायची). आयपी३ रिसेप्टर २६० किलोडाल्टनच्या आसपास, रायनोडीन ५५० च्या आसपास धावतो. साध्या १० टक्के जेलमध्ये दोन्ही वरच अडकून बसतात. ३ ते ८ टक्के ट्रिस-ॲसिटेट घ्या, ट्रान्सफर कमी विद्युतप्रवाहावर रात्रभर ४ अंशांत, मिथेनॉल कमी. रायनोडीनची पट्टी आली नाही तर बहुतेक वेळा अँटिबॉडी ठीक असते, प्रथिन जेलमधून निघालेलंच नसतं. ट्रान्सफरनंतर जेल कूमासीत (प्रथिनं निळी करणाऱ्या रंगात) बुडवा, वरची पट्टी जेलमध्येच निळी दिसेल. आयपी३ च्या ब्लॉटमध्ये खाली भरपूर तुटक पट्ट्या आल्या तर पुन्हा तीच ४० मिनिटं आठवा: मेल्या पेशीत कॅल्पेन नावाचं विकर हा रिसेप्टर तोडतं. रायनोडीनसाठी कोंबडीचा छातीचा स्नायू धन कंट्रोल म्हणून त्याच जेलवर चढवा, तो तर दुकानात आहेच.

स्पाइनबद्दल: कॉन्फोकलवर 'सुसंगत आहे' एवढंच म्हणता येईल. कॅलबिंडिनही (पर्किन्जेत भरपूर असलेलं प्रथिन) रंगवून पर्किन्जे पेशी पूर्ण भरलेली दाखवा (त्यासाठी तिसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी घ्या), सशाच्या चॅनलमधला कॅलबिंडिनबाहेरचा सिग्नल वजा करा, म्हणजे ग्लियाचा वाटा बराच निघेल. ऊती चार पट फुगवणारं एक्सपान्शन तंत्र जमलं तर त्याच कॉन्फोकलवर ५०-७० नॅनोमीटरपर्यंत जाता येतं आणि डोकं-मान वेगळी होते. पक्कं उत्तर इम्युनोगोल्डचं (अँटिबॉडीला सोन्याचे कण जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). तिथे सोन्याचा कण प्रतिजनापासून १५-२० नॅनोमीटर सरकलेला असू शकतो, म्हणून कण ईआरच्या पडद्यावर बरोब्बर बसला पाहिजे असा हट्ट नको, पण स्पाइनच्या आत का बाहेर हे ठरतं.

ग्लुटारल्डिहाइड कॉन्फोकलसाठी अजिबात नको, काप हिरवे पेटतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ०.०५ ते ०.१ टक्का, त्याहून जास्त झालं की बऱ्याच अँटिबॉडी धरत नाहीत. नंतर सोडियम बोरोहायड्राइडने उरलेले अल्डिहाइड शमवा. आणि तिथे ट्रायटन विसरा. ०.३ टक्के ट्रायटनमध्ये पडदे विरघळतात, ज्या पडद्यात रिसेप्टर शोधायचा तोच गेला तर काय बघणार?

पावसाळ्यात एक करा: काप चढवलेल्या स्लाइड सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. ग्लिसरॉलवाल्या माध्यमाने ९० टक्के दमटपणात पाणी ओढलं की कव्हरस्लिप सरकते आणि १.४ एनएच्या भिंगाचा सगळा फायदा जातो.

---

पॅच_पिपेट

एक गोष्ट राहिली. दोन रिसेप्टर वेगळ्या पट्ट्यात का, हे कळलं की निकालाची चर्चा लिहिता येईल.

आयपी३ रिसेप्टर उघडायला आयपी३ (पेशीच्या आत निरोप नेणारा लहान रेणू) आणि कॅल्शियम दोन्ही हवेत, पण कॅल्शियम वाढत गेलं की तोच बंद होतो. १९९१ मध्ये लहान मेंदूतून काढलेल्या रिसेप्टरवर हे मोजलं गेलं, कमाल साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोमोलरला. खाजनाच्या (गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी जशी भरतीचं पाणी बाहेरून चढलं की त्याच्याच दाबाने मिटते, तसा प्रकार. रायनोडीन रिसेप्टरला तो स्वभाव नाही, कॅल्शियम पाहून तो आणखी उघडतो आणि बंद व्हायला मिलिमोलर लागतं. तसा रिसेप्टर पर्किन्जेच्या प्रत्येक स्पाइनमध्ये असता तर एका स्पाइनचा इशारा तिथेच थांबणं कठीण. हे शेवटचं वाक्य माझा तर्क, चर्चेत तर्क म्हणूनच लिहा.

पर्किन्जेच्या स्पाइनमध्ये एमग्लुआर१ (ग्लुटामेटचा रिसेप्टर) सिनॅप्सच्या मध्यभागी नसतो, कडेला असतो. होमर प्रथिन त्याला खालच्या आयपी३ रिसेप्टरशी जोडतं. पॅरलल फायबरला एक ठोका देऊन काही होत नाही, ठोक्यांची झड दिली की आयपी३ तयार होतं आणि काहीशे मिलिसेकंद उशिरा स्पाइनमध्ये कॅल्शियम सुटतं. शिवाय पर्किन्जेचा रिसेप्टर आयपी३ ला बधिर असतो, जिवंत पेशीत १० मायक्रोमोलरच्या घरात लागतं. ॲस्ट्रोसाइटना याच्या कितीतरी कमी पुरतं. रिसेप्टर दाट असला म्हणून सहज उघडतो असं नाही, हे चर्चेत जरूर घ्या.

कोणी गाइडने 'मग औषधाने सिद्ध करा' म्हटलं तर सावध. कॅफिन १० मिलिमोलर रायनोडीन रिसेप्टर उघडतं पण आयपी३ रिसेप्टर दाबतं. रायनोडीन हे औषध स्वतः कमी मात्रेत वाहिनी अर्धवट उघडी अडकवतं आणि दहा-वीस मायक्रोमोलरच्या वर बंद करतं, तेही सावकाश. आयपी३ रिसेप्टर रोखणाऱ्यांपैकी २-एपीबी पेशीच्या बाहेरच्या पडद्यातल्या वाहिन्यांनाही धरतं. हेपरिन पडद्यातून जात नाही, पिपेटमधूनच घालावं लागतं, आणि रायनोडीन रिसेप्टरला चाळवतं. साठा रिकामा करायला थॅप्सिगार्गिन १ मायक्रोमोलर किंवा सीपीए ३० मायक्रोमोलर ठीक, पण त्याने साठा आहे एवढंच कळतं, दार कोणतं ते नाही.

---

ताळगाव_पठार

समजलं. नवा नमुना चकत्या करून घेतो, ब्लॉटची तयारी सुरू केली. पिवळेपणा आकड्यात कसा द्यायचा तेवढं सांगा, फिजीमध्ये (चित्रं मोजायचा प्रोग्राम) पिअर्सन, म्हणजे दोन चॅनलच्या जुळणीचा गुणांक, ०.७ येतोय.

---

दुय्यम_अँटिबॉडी

त्या ०.७ मध्ये रक्तवाहिन्या, रिकामी पार्श्वभूमी आणि कांड्या सगळंच आहे. कॅलबिंडिनच्या आतलाच भाग निवडा, पेशीकाया, जाड दांडा आणि स्पाइनी फांद्या असे तीन वेगळे आकडे काढा. मग एक चॅनल ९० अंशांत फिरवून तोच हिशोब पुन्हा करा. फिरवल्यावरही ०.५ येत असेल तर तुमच्या ०.७ मधला तेवढा भाग निव्वळ दाटीचा. दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी द्या, आणि काढलेल्या फोटोंत लेझर आणि गेन सगळ्या कापांना एकच ठेवलेलं आहे ना ते आधी मेटाडेटात बघा.